निवडणूक ड्युटी लागली आहे? सुविधा केंद्रावर टपाली मतपत्रिकेने मत कसे द्यावे

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात नुसती ईव्हीएमची मते धरली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत त्यांना १,५०१ आणि रवींद्र वायकरांना १,५५० मते पडली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्याच मोजणीत १११ टपाली मतपत्रिका बाद ठरल्या होत्या.

टपाली मत देणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, लिपिक आणि पोलिसांचा. रोज फॉर्म भरणारी आणि दुसऱ्यांचे फॉर्म तपासणारी ही माणसे. तरीही मते बाद होतात, आणि त्यातली बरीच मतपत्रिकेवरच्या चुकीने नव्हे, तर पाकिटांच्या आणि घोषणापत्राच्या घोळाने. म्हणून या लेखात शिक्का-खुणेपेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहिले आहे.

आधी कायदा थोडक्यात. ठरावीक वर्गातल्या मतदारांना टपाली मतपत्रिका देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१च्या कलम ६० मध्ये आहे आणि तिची कृती निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये. पूर्वी ड्युटीवरचा कर्मचारी मतपत्रिका घरी नेऊ शकायचा आणि मोजणी सुरू होण्याआधी पोहोचेल अशी पाठवायचा. मतपत्रिका अशी दिवसेंदिवस खिशात राहिली की ती दाखवा म्हणणारेही भेटतात, आणि दबावही येतो. २०२३ मध्ये नियमांत १८-अ घालून ही वाट बंद केली. आता निवडणूक ड्युटीवरच्या मतदाराने सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवायचे आणि तिथेच परत द्यायची. मतदानाच्या दिवसाआधी, समक्ष, कागदावर. नाव टपाली असले तरी तुमच्या हातून पोस्टात काहीच टाकायचे नाही. हा बदल चांगलाच झाला, फक्त त्याने एक धोका वाढवला: ठरलेल्या दिवशी केंद्रावर गेला नाहीत तर मत गेले.

हे सगळे लोकसभा आणि विधानसभेपुरते. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथले नियम वेगळे आहेत.

टपाली की ईडीसी, हे आधी ठरवा

तुमचे नाव ज्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याच मतदारसंघात ड्युटी असेल तर टपाली मतपत्रिकेची गरजच नाही. नमुना १२-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ईडीसी घ्या. ते दाखवून ज्या केंद्रावर ड्युटी आहे तिथेच ईव्हीएमवर मत देता येते. हा अर्ज मतदानाच्या निदान चार दिवस आधी द्यायचा असतो.

लोकसभेला मतदारसंघ मोठा असतो, त्यामुळे ईडीसी अनेकांना लागू पडते. विधानसभेला मतदान पथके बहुधा दुसऱ्या मतदारसंघात पाठवली जातात, तेव्हा नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते. दोन्ही सोपे असले तर ईडीसी घ्या. तिच्यात पाकिटे नाहीत, साक्षांकन नाही आणि बाद होण्याची भानगड नाही.

केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकाऱ्यांबरोबर पोलीस, होमगार्ड, ताब्यात घेतलेल्या गाड्यांचे चालक आणि व्हिडिओग्राफर यांनाही ही सोय आहे. चालकांना हे कोणी सांगत नाही. पथकात असाल तर तुम्हीच सांगा.

नमुना १२ भरताना

नियमाप्रमाणे हा अर्ज मतदानाच्या सात दिवस आधीपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचायला हवा. त्यापेक्षा कमी मुदत मान्य करण्याचा अधिकार त्याला आहे, पण त्या भरवशावर राहू नका. नेमणुकीच्या आदेशाबरोबर किंवा पहिल्या प्रशिक्षणात कोरा नमुना मिळाला की त्याच दिवशी भरून द्या. सोबत ड्युटीच्या आदेशाची आणि मतदार ओळखपत्राची प्रत जोडा.

अर्जात तीन आकडे बिनचूक हवेत: विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला तुमचा अनुक्रमांक. ओळखपत्राच्या मागे छापलेला भाग क्रमांक उतरवून घेऊ नका. याद्यांची फेरतपासणी होते, मतदान केंद्रांची फेररचना होते आणि भाग व अनुक्रमांक बदलतात. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्र क्रमांक टाकून ताजी नोंद काढा आणि तिचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

आंतरजिल्हा बदली झालेल्यांनी जास्त सावध राहावे. नोकरी ठाण्यात आणि नाव अजून लातूरच्या गावात असेल, तर मतपत्रिका लातूरच्या मतदारसंघाची लागणार. तुमचा नमुना १२ तिकडे जाणार, तिथून मतपत्रिका इकडे येणार आणि मत दिल्यावर ती पुन्हा तिकडे जाणार. उशिरा दिलेला अर्ज या वाटेत अडकतो आणि केंद्रावर ‘तुमची पोस्टल आलेली नाही’ असे ऐकावे लागते.

मतपत्रिका दिली गेली की यादीच्या चिन्हांकित प्रतीत तुमच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मतपत्रिका) अशी खूण होते. मग ड्युटी ऐन वेळी रद्द झाली तरी आपल्या गावच्या केंद्रावर ईव्हीएमवर मत देता येत नाही. ‘पोस्टल राहू दे, सकाळी जाऊन बटण दाबून येतो’ हा बेत तिथेच फसतो.

केंद्रावर

सुविधा केंद्र प्रशिक्षणाच्या ठिकाणी असते, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातही. तारीख आणि वेळ आदेशात लिहिलेली असते. प्रशिक्षण संपल्या संपल्या सगळा हॉल एकदम रांगेत येतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा सत्र सुरू होण्याआधी उरकले तर निवांत लिहिता येते, आणि घाईत होणाऱ्या चुका टळतात. साहित्य वाटपाच्या दिवसावर तर मुळीच ढकलू नका.

बरोबर ड्युटीचा आदेश, मतदार ओळखपत्र किंवा कार्यालयाचे ओळखपत्र आणि चालणारे पेन ठेवा. उमेदवारांचे प्रतिनिधी केंद्रात बसलेले असू शकतात. ते नियमातच आहे. तुमचे मत त्यांना दिसता कामा नये, एवढेच पाहायचे.

टेबलावर ओळख पटली की तुमच्या हातात पाच गोष्टी येतात. मतपत्रिका. नमुना १३-अ, म्हणजे घोषणापत्र. नमुना १३-ब, म्हणजे ‘अ’ लिहिलेले लहान पाकीट. नमुना १३-क, म्हणजे ‘ब’ लिहिलेले मोठे पाकीट. आणि नमुना १३-ड, म्हणजे सूचनांचा कागद. नमुन्याचे अक्षर आणि पाकिटाचे अक्षर जुळत नाही (१३-ब हे पाकीट ‘अ’, १३-क हे पाकीट ‘ब’), आणि अर्धे गोंधळ इथूनच सुरू होतात. अक्षरे विसरा, लहान आणि मोठे एवढेच लक्षात ठेवा.

आता क्रम असा:

१. मतपत्रिका तुमच्याच मतदारसंघाची आहे ना, ते उमेदवारांची नावे वाचून बघा. एका केंद्रावर अनेक मतदारसंघांचे गठ्ठे असतात.

२. मतपत्रिकेचा अनुक्रमांक बघा. तोच लहान पाकिटावर आहे का आणि घोषणापत्रातही तोच लिहिला गेला आहे का, हे तीन ठिकाणी बोट ठेवून जुळवा. एक आकडा जरी चुकला तरी पुढे पाकीट उघडलेही जात नाही.

३. घोषणापत्रात नाव-पत्ता भरून साक्षांकन करणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करा. त्याची सही, नाव, पदनाम आणि शिक्का उमटला की नाही ते तिथेच उभे राहून बघा. रांग लांब असली की शिक्का राहून जातो, कधी सहीच राहते. घोषणापत्र परत मागून वाचायला लाजू नका.

४. आडोशाच्या कक्षात जा आणि पसंतीच्या उमेदवारासमोर खूण करा. बरोबरची खूण, फुली, काहीही चालते. कायद्याने एकच ठरावीक खूण सांगितलेली नाही, ती कोणासाठी आहे हे स्वच्छ कळले पाहिजे. खूण त्या उमेदवाराच्या चौकटीच्या आतच ठेवा, कारण दोन नावांमधल्या रेघेवर बसलेली फुली संशयास्पद ठरते. कोणीच नको असेल तर शेवटी ‘नोटा’ आहे. मतपत्रिकेवर सही, नाव, आद्याक्षरे किंवा ‘जय’ वगैरे काही लिहू नका. मतदार ओळखता येईल असे काहीही लिहिलेले असले की मत बाद.

५. मतपत्रिका घडी घालून फक्त तीच लहान पाकिटात ठेवा आणि पाकीट बंद करा. डिंक बेताचा लावा. जास्त झाला तर मतपत्रिका पाकिटाला चिकटते आणि उघडताना फाटते.

६. लहान पाकीट आणि घोषणापत्र शेजारी शेजारी मोठ्या पाकिटात ठेवा. मोठे पाकीट बंद करा, त्यावर पाठवणाऱ्याच्या जागी सही करा आणि मोहोरबंद पेटीत स्वतः टाका.

सगळ्यात जास्त मते बुडतात ती पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये. घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटात गेले की संपले. मोजणीच्या टेबलावर आधी मोठे पाकीट फोडून घोषणापत्र शोधतात. ते सापडले नाही तर लहान पाकीट न उघडताच बाजूला पडते. आत घोषणापत्र व्यवस्थित भरलेले असेल, मतही स्वच्छ असेल, पण ते बघायला कोणी पाकीट उघडणार नाही.

चूक झालीच तर? चुकीच्या नावासमोर खूण झाली, शाई सांडली, मतपत्रिका फाटली, तर खोडाखोड करून सुधारायला जाऊ नका. एका नावावर काट मारून दुसऱ्यासमोर खूण केली की दोन उमेदवारांना मत दिले असे धरले जाण्याचा धोका आहे. खराब झालेली मतपत्रिका परत करा, चूक अनवधानाने झाली हे सांगा आणि दुसरा संच मागा. नियम २६ मध्ये तशी तरतूद आहे. मात्र हे पेटीत टाकण्याआधीच. ज्याला स्वतः खूण करणे जमत नाही, त्याच्यासाठी अधिकाऱ्याने त्याच्या सांगण्याप्रमाणे खूण करावी, असाही नियम आहे.

लोकसभा आणि विधानसभेचे मतदान एकाच दिवशी असेल तर दोन वेगळे संच मिळतात. २० नोव्हेंबर २०२४ला नांदेडमध्ये विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक होती. अशा वेळी एक संच पूर्ण बंद करून पेटीत टाका आणि मगच दुसरा हातात घ्या.

पाकिटावर नंबर आहे, मग मत गुप्त कसे?

हा प्रश्न दर प्रशिक्षणात येतो. मोजणीच्या टेबलावर घोषणापत्रे तपासून झाली की ती वेगळ्या पाकिटात घालून मोहोरबंद होतात, आणि लहान पाकिटे त्यानंतरच उघडली जातात. मतपत्रिका हातात येईपर्यंत नाव लिहिलेला कागद टेबलावर राहिलेला नसतो.

मोजणी सकाळी ८ला सुरू होते ती टपाली मतांपासून, ईव्हीएमची त्यानंतर अर्ध्या तासाने. ८नंतर आलेले मोठे पाकीट उघडतच नाहीत. सुविधा केंद्रावर मत दिले असेल तर ते वेळेत पोहोचवणे प्रशासनाचे काम. विजयाचा फरक बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर बाद मतपत्रिका निकाल जाहीर करण्याआधी पुन्हा तपासायच्या, असा आयोगाचा आदेश आहे. मुंबई उत्तर पश्चिमच्या १११ मतपत्रिका तशाच पुन्हा तपासल्या गेल्या.

घरच्यांसाठी: १२-ड

ड्युटीवर नसलेल्या काहींनाही मतदानाच्या दिवसाआधी कागदी मतपत्रिका मिळते: ८५ वर्षांवरचे मतदार (ही अट २०२४ मध्ये ८०वरून वाढवली), ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले आणि आयोगाने त्या निवडणुकीसाठी अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतले कर्मचारी. यांचा अर्ज नमुना १२-ड, आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यायचा असतो. ज्येष्ठ आणि दिव्यांगांकडे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, हा नमुना घेऊन येतो. दिव्यांगांनी प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

त्यानंतर मतदान पथक घरी येते, आधी कळवून. पहिल्या भेटीत माणूस घरी नसेल तर दुसरी भेट होते, तिसरी होत नाही. आजोबांना त्या दिवशी दवाखान्यात न्यायचे असेल तर बीएलओला आधी सांगून ठेवा. अत्यावश्यक सेवेतल्यांना मात्र घरी मतदान नाही. त्यांना आपल्या विभागाच्या नोडल अधिकाऱ्याकडून अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो आणि टपाली मतदान केंद्रावर जावे लागते. ते ठरलेल्या सलग तीन दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडे असते.

१२-ड ऐच्छिक आहे. चालत्या-फिरत्या आजीला केंद्रावर जाऊनच बटण दाबायचे असेल तर भरू नका, कारण अर्ज मंजूर झाला की तिच्या नावापुढेही ‘पीबी’ लागते आणि मग केंद्रावर मत देता येत नाही.