गावठी कुत्रं फोस्टर करायचंय? आधी एक वही घ्या

फोस्टर करणं म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रं तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणं. हे लाड करायचं काम, असं लोकांना वाटतं. लाड होतातच, ते कुणी शिकवावे लागत नाहीत. खरं काम चौकश्यांचं आहे: कुत्रं घरात कसं वागतं ते बघायचं, लिहून ठेवायचं, आणि मग जो न्यायला येईल त्याला लग्न जमवणाऱ्या आत्यासारखं खोदून खोदून विचारायचं. मी हे डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, फोर्टातली नोकरी आणि घरातलं सगळं सांभाळून करते. बंगला, अंगण, रिकामा वेळ यातलं काही लागत नाही. दोनशे पानी वही मात्र लागते.

सगळ्यात आधी, रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं उचलायचं नसतं. कान बघा. टोकाला कट असेल तर नसबंदी झालेली आहे. अंग भरलेलं, केस तुकतुकीत, गल्लीतले चार जण नावाने हाक मारतात, असं असेल तर त्याचं बरं चाललंय, त्याला तिथेच राहू द्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून आणलं तिथेच सोडायचं असतं. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा जागांपुरता सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला आणि तिथली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली. त्यामुळे माणसाळलेलं, शांत कुत्रं कुणी घेईल का, असे निरोप हल्ली जास्त फिरतात. बाकी फोस्टर लागतं ते आईविना राहिलेल्या पिल्लांना, अपघातातून उठलेल्यांना आणि कुणीतरी हौसेने पाळून मग वाऱ्यावर सोडलेल्यांना. असं उपाशी-तहानलेलं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड फार तर ५० रुपये. स्टेशनबाहेर दोन वडापाव खाल्ले तरी तेवढे होतात.

हो म्हणण्याआधी कुत्रं आणणाऱ्या रेस्क्यूवाल्यांशी पैशांचं बोलून घ्या. डॉक्टरचं बिल कोण देणार, औषधं कोण आणणार, नसबंदी कोण करून देणार, आणि घर मिळालं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी कुत्रं कुठे जाणार. हे व्हॉट्सअॅपवर लेखी राहू द्या. चांगली माणसंसुद्धा घाईत विसरतात.

पहिल्या दिवशी अंघोळ नको, पाहुणे नकोत, कुशीत घेऊन फोटो नकोत. एक कोपरा द्या. आमच्याकडे तो शिलाई मशीनच्या खाली आहे. जुनी चादर आणि पाण्याचं जड भांडं. हलकं भांडं उलटतं आणि त्या आवाजाने कुत्रं आणखी बिथरतं. जेवण ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मोठी कुत्री पहिला दिवस न खाता काढतात, त्याने घाबरू नका. पिल्लाने मात्र दोन वेळा तोंड फिरवलं तर डॉक्टर गाठा.

मुकादम नावाचा एक कुत्रा आमच्याकडे होता. बांधकामाच्या साइटवर वाढलेला, पाय मोडून आलेला. जन्मात गुळगुळीत फरशी पाहिली नव्हती, चारही पाय चार दिशांना जायचे. जुनी योगा मॅट कापून दारापासून कोपऱ्यापर्यंत पायवाट केली, तेव्हा कुठे हलला. कुकरच्या पहिल्या शिट्टीला पलंगाखाली. आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, केर काढायला झाडू उचलला की जमिनीला चिकटून डोळे मिटून घ्यायचा. सगळं वहीत गेलं. कुकर लावला की उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळायला लागला, त्यामुळे शिट्टीची भीती गेली. झाडूची गेली नाही. मग बघायला आलेल्यांना मी आधीच सांगायची, केर काढताना याला दुसऱ्या खोलीत न्यावं लागेल, चालेल ना? एका घराला ते चाललं नाही. बरंच झालं, आधी कळलं.

वहीत लिहायचं ते असलंच: कशाला घाबरतं, खाताना जवळ गेलं तर गुरगुरतं का, लहान मुलं, मांजर, दुसरं कुत्रं दिसलं की काय करतं, एकटं किती वेळ राहतं, शी-शू कुठे आणि केव्हा. ‘खूप प्रेमळ आहे’ हे लिहून उपयोग नाही, ते सगळेच लिहितात.

फिरवण्याबद्दल मी जरा कडक आहे. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. घाबरून मागे रेटलं की साधा पट्टा कानांवरून सर्रकन निघतो आणि कुत्रं थेट रिक्षांच्या गर्दीत. म्हणून गळ्यातला पट्टाही हवा आणि हार्नेसही (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा), दोन्हींना वेगवेगळी लीश, म्हणजे धरायची दोरी, आणि दोन्ही लीश हातात. पट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच ढील. लीश घरात लावायची, मगच दार उघडायचं. परत आल्यावर दार लागल्याशिवाय सोडायचं नाही. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी.

डॉक्टरकडे शक्यतो घरी येतानाच जा. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. जंताचं औषध वजनावर असतं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं उरलेलं देऊ नका. घरात आधीचं कुत्रं असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडीही वेगळी. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लक्षणं पाठ असू द्या: पिल्लू मलूल, खाणं बंद, उलट्या, मग रक्ताची, विलक्षण घाण वासाची जुलाबं. हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. पावसाळ्यात गोचीड रोज शोधा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. घरातली क्रोसिन, ब्रुफेन कधीही नाही.

आणि तुमचं काय? दात किंवा नख लागलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा, पिल्लू कितीही गोड असलं तरी. नेहमी फोस्टर करणार असाल तर रेबीजचे प्रतिबंधक डोस आधीच घेऊन ठेवा, डॉक्टर वेळापत्रक देतील.

खाण्याचं सोपं आहे. भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा लाल भोपळा. मीठ-मसाला, कांदा-लसूण नाही. दूध-पोळीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री पोसली गेली, पण दूध पुष्कळांना पचत नाही आणि नंतर फरशी तुम्हालाच पुसायची असते. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, शिजवलेली हाडं दूर ठेवा. मे महिन्यात आंब्याची कोय ओट्यावरून खाली येणार नाही हे बघा, ती आतड्यात अडकली तर ऑपरेशन लागतं.

नोकरी असेल तर एकटं राहायची सवय पहिल्याच सुट्टीत लावायला घ्या. किल्ल्या उचलायच्या, परत ठेवायच्या. चपला घालायच्या, बसून पेपर वाचायचा. मग दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग वाण्याकडे जाऊन यायचं. जाताना ‘येते हं राजा’ वगैरे नाटक नको. मी गाडी पकडायच्या घाईत असते, त्यामुळे मला हे आपोआप जमतं.

सोसायटी कुरकुर करणारच. बहुमताने ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय. ती प्रत जवळ असू द्या, पण पहिल्याच भेटीत चेअरमनच्या तोंडावर फेकू नका. खालच्या काकूंना आधी जाऊन सांगा की पाहुणा आलाय, महिनाभर आहे, रडला तर फोन करा. शी उचलायची पिशवी हातात लोकांना दिसेल अशी धरा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता घर शोधणं. इथे भिडस्तपणा चालत नाही. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी दाखवा. घरातले सगळे तयार आहेत का? मी प्रत्येकाशी बोलते, विशेषतः ज्यांच्या अंगावर काम पडणार त्यांच्याशी, आणि त्या बहुधा आजी असतात. गणपतीत गावी जाता, तेव्हा कुत्रं कुठे? आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो त्याला मी देत नाही. मुलाच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून देत नाही. ‘फार्महाऊसवर राखणीला’ म्हणजे साखळी आणि आठवड्यातून एकदा येणारा मालक, तिथेही नाही. नर पिल्लूच हवं म्हणणाऱ्यांना मी मोठी, नसबंदी झालेली कुत्री दाखवतेच. तिचा स्वभाव ठरलेला असतो, चपला कुरतडायचं वय गेलेलं असतं, आणि तिच्याबद्दल माझ्याकडे पानंच्या पानं लिहिलेली असतात.

घर डोळ्यांनी बघून या. फ्लॅटमध्ये मी आधी बाल्कनीचं ग्रिल बघते. ज्या फटीतून पिल्लाचं डोकं जातं त्यातून अख्खं पिल्लू जातं, जाळी लागल्याशिवाय मी देत नाही. दत्तक अर्ज लेखी असावा: ओळखपत्राची प्रत, पत्ता, नसबंदीची तारीख, आणि जमलं नाही तर कुत्रं परत मलाच द्यायचं, परस्पर दुसऱ्याला नाही. पालिकेचा कुत्र्याचा परवाना काढायची आठवण तेव्हाच करा, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

कुत्रं त्यांच्या घरी स्वतः सोडायला जा. त्याची चादर न धुता सोबत द्या, तुमच्याकडचं खाणं चार दिवसांचं द्या, आणि वहीतल्या पानांचे फोटो पाठवा. दिवाळीच्या आठवड्यात कधीही देऊ नका. नवं घर आणि फटाके एकदम आले तर कुत्रं पळतं. पुढचे काही दिवस रोज एक फोन करा आणि विचारताना ‘कसा आहे?’ म्हणू नका, उत्तर ‘मस्त!’ येतं. सकाळी किती खाल्लं, रात्री कुठे झोपला, फिरताना कुणावर भुंकला, असं विचारा. गुरगुरला म्हणून लाजत सांगतील, तेव्हा वहीतलं पान काढून बोला.

इकडे चादरी गरम पाण्यात जाऊ द्या. पार्व्हो झालेलं पिल्लू घरात राहून गेलं असेल तर नुसत्या फिनाइलवर भागवू नका. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो. फरशी साबणाने धुऊन मग ब्लीच लावा, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. तरीही त्यानंतरचा पाहुणा पूर्ण लसी झालेला, मोठा कुत्राच घ्या. कुणी कितीही गळ घातली तरी दीड महिन्याचं पिल्लू त्या वर्षात नको.