पुणे करार शिकवताना गोष्ट २३ सप्टेंबरला थांबवा

मी पुण्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. संघर्ष-निवारणाच्या तासाला नवे शिक्षक बहुतेक उत्तर आयर्लंड नाहीतर दक्षिण आफ्रिका घेऊन येतात. तेही घ्या, पण आधी येरवडा, म्हणजे १९३२चा आंबेडकर-गांधी पुणे करार. तो तुरुंग मुलांनी येता-जाता पाहिलेला असतो.

एकपानी टिपण तयार करा. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या निवाड्याने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे काही जागांवर फक्त त्याच वर्गाच्या मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडायचा. संबंधित समाजांनी आपसात तोड काढली तरच निवाडा बदलू, असं सरकारचं म्हणणं. या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं. टिपण २३ तारखेच्या संध्याकाळी तोडा. करार झाला हे मुलांना ठाऊक असतं. घोडं कुठे अडलं होतं, ते नसतं. शेवट आधीच सांगितला की वर्ग फक्त त्याचं समर्थन करत बसतो.

चार गट पुरेत: आंबेडकर, गांधी, हिंदू पुढारी मदनमोहन मालवीय आणि संयुक्त मतदारसंघाच्या (सगळ्यांनी एकत्र मत देण्याच्या) बाजूचे दलित नेते एम. सी. राजा. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच द्या. कुणाची जात बघून कुणाला आंबेडकर करू नका, आणि ज्याला नको असेल त्याला निरीक्षक होऊ द्या. नकला बंद. गांधीजींचा आवाज काढणारा एक तरी निघतोच, त्याला मी वेळ मोजायला बसवते.

प्रत्येक गटाने तीन रकाने भरायचे: मागतो काय, कशासाठी, आणि तोड निघाली नाही तर आपलं काय होईल. पहिले दोन पटकन भरतात. तिसऱ्यावर भरपूर वेळ द्या, खरा तास तिथेच आहे. आंबेडकरांच्या हातात निवाडा होता, म्हणजे कागदावर त्यांचीच बाजू भक्कम. पण उपोषणात गांधीजींचं बरंवाईट झालं असतं तर त्याचा राग गावोगावच्या दलित वस्त्यांवर निघाला असता. हे मुलांनी स्वतः लिहिलं की टेबलाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या, हे वेगळं सांगावं लागत नाही. दबाव आणि वाटाघाट यांतली रेघ कुठे ओढायची, यावर भांडू द्या. मध्ये पडू नका.

मग वाद एकाच मुद्द्यावर आणा: संयुक्त मतदारसंघात दलितांना द्यायच्या राखीव जागा पुढे ठेवायच्या का, याचं सार्वमत कधी घ्यायचं? आंबेडकर दहा वर्षांवर ठाम, गांधीजी पाचवर. मुलं हटकून साडेसात म्हणतात! त्यानंतरच २४ तारखेचा मसुदा वाटा. त्यात सार्वमताची मुदतच नाही. परस्परसंमतीने ठरेपर्यंत राखीव जागा चालू ठेवल्या. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा, मतदान संयुक्त, पण आधी दलित मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडायचे. अडलेला मुद्दा बाजूला ठेवूनही सही होते, हे इथे कळतं. पुढे आंबेडकरांनीच या करारावर कडक टीका केली, तीही वाचून दाखवा. नाहीतर मुलं सहीलाच शांतता समजतात.

पुढच्या तासाला हेच रकाने खडकवासला धरणाच्या पाण्याला लावा. एकीकडे शहर, दुसरीकडे दौंड-इंदापूरचे शेतकरी, मध्ये कालवा समिती. वाद उन्हाळी आवर्तनाचा, म्हणजे उन्हाळ्यात शेतीसाठी कालव्यातून सोडायच्या पाण्याचा. इथे भूमिका उलट वाटा: पेठेतल्या मुलाने शेतकऱ्याची बाजू मांडायची, इंदापूरच्या मुलीने महापालिकेची. सोसायटीतल्या पार्किंगचा तंटा मात्र घेऊ नका. त्यात प्रत्येकाला आपलाच शेजारी दिसतो आणि तास संपत नाही.

गुण भाषणाला देऊ नका. समोरच्या गटाची गरज त्या गटाला मान्य होईल अशा चार ओळींत लिहायला सांगा, आणि त्या गटाने ‘हो, हेच’ म्हटलं तरच गुण द्या.