दोन सुट्ट्या टाकून बँकॉक: चार दिवस, तीन रात्री, कमी पैशात फिरणं आणि शॉपिंग कसं जमवायचं

आमच्याकडे बँकॉक म्हटलं की लोक आधी फ्लाइटचं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधतात आणि मग कळतं की सोमवार ते गुरुवारचं काढलंय, म्हणजे चातुचाक गेलंच हातचं. ते मोठं मार्केट पूर्ण भरतं फक्त शनिवार-रविवारी. म्हणून ट्रिप उलटी आखायची, रविवार मधोमध धरायचा आणि बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं.

1) आधी तारखा

गुरुवारी रात्री उशिराचं मुंबईहून थेट विमान, साधारण चार-साडेचार तास, शुक्रवारी सकाळी तिकडे. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. सोमवारी रात्री परत निघायचं. ऑफिसच्या सुट्ट्या फक्त शुक्रवार आणि सोमवार अशा दोनच जातात, मंगळवारी डोळे चोळत कामावर, पण चालतं तेवढं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते, एप्रिलमध्ये घामाने हाल होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस धो धो. तिकीट स्वस्त दिसलं तरी चेक-इन बॅगेचं वजन त्यात धरलंय का ते बघा, नाहीतर फक्त सात किलोची केबिन बॅग घेऊन शॉपिंगला निघालात असं व्हायचं, आणि येताना विमानतळावर जास्तीचे किलो विकत घेणं फार महाग पडतं.

2) कागदपत्रं

पासपोर्ट अजून सहा महिने तरी चालणारा हवा. 2024 च्या जुलैपासून आपल्या पासपोर्टवर 60 दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, पण हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर एकदा डोकवा. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या दारात आलोय. परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंगची प्रिंट जवळ ठेवा, इमिग्रेशनला कधीकधी विचारतात.

3) हॉटेल कुठे घ्यायचं, इथेच निम्मी ट्रिप जिंकता येते

खाओसान रोडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण तिथे ट्रेनचं स्टेशन जवळ नाही. माझं मत सरळ आहे, फाया थाई किंवा राचथेवी स्टेशनच्या चालण्याच्या अंतरात रूम घ्या. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक थेट फाया थाईला येते, अर्धा तास, तिकीट 45 बाथ (बाथ म्हणजे थाई चलन). तिथूनच बीटीएस, म्हणजे पुलावरची मेट्रो, चातुचाकला एका गाडीत नेते. राचथेवीहून प्लॅटिनम मॉल पंधरा-वीस मिनिटं चालत. कालव्यातली बोटही जवळच मिळते. साधी स्वच्छ डबल रूम हजार-बाराशे बाथपर्यंत सापडते. (विमान डॉन मुआंगला उतरणार असेल तर तो दुसराच विमानतळ आहे, तिथून ए-वन बस 30 बाथमध्ये मो चिटला सोडते आणि पुढे बीटीएस.)

4) पैसे

हिशोबाला सोपं म्हणून बाथला तीनाने गुणा. खरा भाव त्याच्या थोडा खाली असतो, पण मनातला आकडा जास्त धरलेला बरा, परत आल्यावर कार्डाचं बिल बघून छाती धडधडत नाही. विमानतळावर बॅग घेतल्या घेतल्या समोर दिसणाऱ्या काउंटरवर पैसे बदलू नका, खाली रेल लिंकच्या मजल्यावर सुपररिचसारखी दुकानं आहेत, तिथे भाव चांगला. एटीएममधून काढले तर परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाथच्या आसपास फी लागते, म्हणजे दोन वेळचं जेवण गेलं. रोख लागतेच, छोटे दुकानदार कार्ड घेत नाहीत आणि आपलं यूपीआय गृहीत धरू नका.

खर्चाचा माझा अंदाज माणशी असा: दोघांत रूम, तीन रात्रींचे 1800 बाथ, खाणं रोजचे 400 प्रमाणे 1600, फिरणं 600, देवळं-राजवाड्याची तिकिटं 1000. झाले 5000 बाथ, म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या आत. विमान आणि शॉपिंग वेगळं, शॉपिंगचा आकडा घरीच ठरवून तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, मी नाही ठेवले एकदा आणि शेवटच्या दिवशी नूडल्सवर होतो.

5) शुक्रवार, हळूहळू

रूम दुपारशिवाय मिळत नाही, बॅगा रिसेप्शनला ठेवून द्या. पहिल्या दिवशी राजवाडा वगैरे करू नका, रात्रभर झोप नसते. दुपारी मस्त एक झोप काढा आणि मग हुआ चांगच्या धक्क्यावरून कालव्याची बोट पकडा, शेवटच्या फानफा धक्क्यापर्यंत. बोट धड थांबत पण नाही, उडी मारूनच चढायचं, पाणी अंगावर येऊ नये म्हणून कडेचे लोक प्लास्टिकचा पडदा दोरीने वर ओढतात, आणि तिकीट काढणारी माणसं बाहेरच्या कठड्यावरून चालत येतात. वीसेक बाथमध्ये यापेक्षा जास्त बँकॉक मिळत नाही. फानफाला उतरलं की समोरच वाट साकेत ('वाट' म्हणजे थाईत देऊळ), टेकडीवरचं सोनेरी शिखराचं देऊळ. पायऱ्या तीनशेच्या वर आहेत पण वळत वळत जातात, पर्वती चढणाऱ्याला काही वाटणार नाही. संध्याकाळच्या उन्हात वरून सगळं शहर दिसतं.

6) शनिवार देवळांचा

बीटीएसने सियामला गाडी बदलून सफान ताक्सिन, खाली साथोर्नचा धक्का. इथे लोक टुरिस्ट बोटीकडे वळवतात, ती महाग. आपण केशरी झेंड्याची बोट बघायची, 16 बाथ, 'था चांग' धक्क्यावर उतरायचं. ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि तुम्ही साडेआठलाच तिथे हवे, कारण दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. तिकीट 500 बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही.

आतला पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात हिरव्या जेड दगडाचा आहे आणि जेमतेम 66 सेंटीमीटरचा, वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे त्याचे कपडे बदलतात आणि ते राजाच्या हातून. पण आपल्यासाठी खरी मजा आवाराच्या भिंतींवर आहे. तिथे अख्खं रामायण रंगवलंय, थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात. घाईत बरेच लोक तिथून तसेच पुढे निघून जातात, तुम्ही नका जाऊ. पांढरा हनुमान शोधा, आणि आजींना सांगू नका पण त्यांच्या कथेतला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रसिक आहे.

आता महत्त्वाचं. राजवाड्याबाहेर एखादा नीटनेटका माणूस येऊन सांगेल की आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, चला टुकटुकने 20 बाथमध्ये दुसरी देवळं दाखवतो. बंद नसतो. आम्ही पहिल्या वेळी बसलो त्या टुकटुकमध्ये आणि तासाभराने एका रत्नांच्या दुकानात थंडगार पाणी पीत बसलो होतो, निळा खडा 'आज शेवटचा दिवस, करमाफी' म्हणून गळ्यात मारायला बघत होते. बायकोने पोट दुखायचं नाटक केलं म्हणून सुटलो. कोणी काहीही म्हणो, गेटपर्यंत स्वतः चालत जा.

तिथून चालत वाट फो, 300 बाथ, 46 मीटर लांबीचा आडवा बुद्ध. मग था तियेनच्या धक्क्यावरून 5 बाथच्या होडीने पलीकडे वाट अरुण, 200 बाथ. या तिन्हींनंतर चौथं देऊळ करू नका, डोळ्यात शिरत नाही.

7) रविवार, चातुचाक

नऊला पोचा. बीटीएसच्या मो चिट स्टेशनच्या गर्दीपेक्षा जमिनीखालच्या मेट्रोचं कामफेंग फेत स्टेशन बरं, त्याचं दोन नंबरचं दार थेट मार्केटातच उघडतं. 27 सेक्शन आणि हजारो दुकानं, बरोबरच्यांना 'हरवलो तर घड्याळाच्या टॉवरखाली' असं आधीच सांगून ठेवा. सगळं फिरून मग घेऊ हा तुळशीबागेतला नियम इथे चालत नाही, ते दुकान पुन्हा सापडत नाही. आवडलं, भाव पटला, घ्या. नसेल ठरत तर सेक्शन आणि गल्लीच्या नंबराचा फोटो काढा.

घासाघीसही फॅशन स्ट्रीटसारखी नाही. सांगितलेल्याच्या निम्म्याने मागितलं तर माणूस भांडत नाही, नुसता हसून दुसरीकडे बघतो आणि आपल्यालाच ओशाळं वाटतं. 'लोत दाय माय?' म्हणजे कमी होईल का, हे हसून विचारा, दहा-वीस टक्के सुटतात, दोन-तीन नग घेतले तर जास्त. वर 'खोप खुन क्रप', बायकांनी 'खोप खुन खा'. हत्तीच्या नक्षीच्या पँट, सुती पिशव्या, साबण, चिनी मातीच्या वाट्या हे घेण्यासारखं. ब्रँडच्या नकला नका घेऊ. व्हेप तर अजिबात नको, तिथे बेकायदा आहे आणि आपल्याकडेही. बुद्धाची मूर्ती देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, तो मोह टाळा. दुपारी एकपर्यंत आटपा, पत्र्याखाली भट्टी होते.

8) शाकाहारी मंडळींचं

भाजीवालं दिसलं तरी फिश सॉस असतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा, तिथे मांस-मासे-अंडं काही नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही, जैन मैत्रीण खूश होती. नाहीतर 'माय साय नाम प्ला' म्हणा, फिश सॉस घालू नका. मॉलच्या फूड कोर्टात खाणं स्वस्त असतं, हे मुंबईवाल्यांना पटत नाही. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र रोज खा.

9) सोमवार, उरलेलं

प्लॅटिनम मॉलमध्ये एकाच दुकानातून तीन नग घेतले की होलसेल भाव, म्हणून बहिणी-मैत्रिणींची मापं घेऊन जा, ट्रायल बहुतेक ठिकाणी नाही. कालवा ओलांडला की बिग सी सुपरमार्केट, सुका आंबा आणि कुरकुरीत समुद्री शेवाळ तिथून. टॅक्स परत मिळणं कपड्यांच्या छोट्या दुकानात जमत नाही पण मॉलमध्ये एका दुकानात एका दिवशी 2000 बाथच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून टॅक्स परतीचा फॉर्म घ्या, आणि विमानतळावर बॅग आत देण्याआधी कस्टमचा शिक्का लागतो का ते विचारून घ्या. पैसे इमिग्रेशननंतर मिळतात, तिथेच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव-दानव-वासुकी सगळे, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

बॅग हॉटेलवरच तोलून घ्या, रेल लिंकचे 45 बाथ बाजूला काढा. नाणी मात्र कोणी बदलून देत नाही, त्यांचं सेव्हन-इलेव्हनमधून चीज टोस्ट घ्या, रात्रीच्या विमानात लागतंच.