ऑक्सिडाइज्ड एलडीएल मोजताना या चुका टाळा

ऑक्सिडाइज्ड एलडीएलचा (ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन बिघडलेल्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या कणांचा) आकडा भलताच वाढलेला आला की पहिला संशय किटवर जातो. आधी नमुना कसा हाताळला ते पाहा. एलडीएलचे कण ट्यूबमध्येही ऑक्सिडाइज होतात. मग मोजले जाते ते रुग्णाच्या शरीरातले नव्हे, आपल्या टेबलावर घडलेले ऑक्सिडेशन.

म्हणून शक्यतो ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली ट्यूब वापरा. ऑक्सिडेशनला चालना देणारे लोह-तांबे ईडीटीए बांधून ठेवते, हेपॅरिन हे दुसरे गोठणविरोधी द्रव्य ते करत नाही. प्लाझ्मा थंड अवस्थेत लवकर वेगळा करा, छोट्या छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवू नका. लालसर, हिमोलाइज्ड (तांबड्या पेशी फुटलेला) नमुना सरळ नाकारा, कारण त्यातले हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) ऑक्सिडेशन वाढवते.

एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजण्याची चाचणी, हिच्यातली सर्वांत फसवी चूक पातळ करण्यात होते. काही किटमध्ये नमुना हजारो पट, तोही टप्प्याटप्प्याने पातळ करावा लागतो. पहिल्या टप्प्यातली पिपेटची ५ टक्के चूक शेवटपर्यंत तशीच टिकते. एकाच डायल्यूशनमधून दोन वेल (प्लेटमधले खळगे) भरले तर दोन्ही आकडे छान जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात. डुप्लिकेट हवे तर डायल्यूशनपासूनच वेगळे करा.

दोन किटच्या आकड्यांची तुलना तर करूच नका. ४ई६ ही अँटिबॉडी अ‍ॅपो-बी या एलडीएलच्या मुख्य प्रथिनातला बदल ओळखते, ई०६ ही अँटिबॉडी ऑक्सिडाइज्ड फॉस्फोलिपिड (कणाच्या आवरणातले मेद) ओळखते. ही फॉस्फोलिपिड मोठ्या प्रमाणात लायपोप्रोटीन(ए) या एलडीएलसारख्या दुसऱ्या कणावर बसलेली असतात. त्यामुळे ई०६ चा आकडा वर गेला, तर लायपोप्रोटीन(ए) किती आहे हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

टीबार्स (मेदांच्या ऑक्सिडेशनचे अवशेष रंगावरून मोजणारी चाचणी) स्वस्त आहे, पण माझ्या मते एकट्या टीबार्सवर रिपोर्ट देऊ नये. ५३२ नॅनोमीटरला दिसणारा रंग केवळ मॅलोनडायअल्डिहाइड या अवशेषाचा नसतो. साखर, बिलिरुबिन हेही लुडबुड करतात. एलडीएल गोठवताना संरक्षणासाठी सुक्रोज घातले असेल, तर तेच इथे आडवे येते. उकळण्याच्या पायरीत नवे ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून बीएचटी हे ऑक्सिडेशनरोधक घाला, आणि नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक (रंग आणणारे रसायन न घातलेला भाग) ठेवा.

तांबे घालून २३४ नॅनोमीटरला लॅग टाइम (ऑक्सिडेशन वेगाने सुरू होईपर्यंतचा वेळ) मोजणारी चाचणी वेगळीच. ती एलडीएल किती सहज ऑक्सिडाइज होईल ते सांगते, रक्तात आज किती ऑक्सिडाइज्ड आहे ते नाही. लॅग टाइम अवाजवी लांबला, तर वेगळ्या केलेल्या एलडीएलमध्ये ईडीटीए उरले आहे का ते पाहा. इथे तेच तांब्याला अडवते.

रिपोर्ट लिहिताना एकटे गुणोत्तर देऊ नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू झाल्यावर अ‍ॅपो-बी घटते, म्हणजे छेदच लहान होतो, आणि ऑक्सिडाइज्ड फॉस्फोलिपिड व अ‍ॅपो-बी यांचे गुणोत्तर वाढलेले दिसू शकते. औषधाने बिघडवले असा समज होण्याआधी अ‍ॅपो-बीचा आकडा शेजारी छापा.