कटिंग मशीनचे सुटे भाग: कंपनीचे घ्यावे की बाजारचे? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात समुद्रपूरकडच्या एका ट्रॉली बनवणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. "भाऊ, प्लाझ्माच्या टिपा टिकूनच नाही राहिल्या. सकाळपासून आठ गेल्या. नागपूरच्या इतवारीतून आणल्या होत्या, डुप्लिकेट निघाल्या वाटते. आता कंपनीच्याच मागवून द्या." प्लाझ्मा म्हणजे विजेचा आर्क (ठिणगीचा झोत) आणि दाबलेली हवा यांनी धातू कापणारं मशीन; टिप म्हणजे त्याच्या टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या भागाच्या, तोंडाशी बसणारा भोकाचा तुकडा. मी त्याला आधी एकच काम सांगितलं: हवा दाबणाऱ्या कंप्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन खोल. तांब्याभर पाणी निघालं. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला आणि त्याच इतवारीच्या टिपा नंतर दोन-दोन दिवस चालल्या.

हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा या पट्ट्यात मी वीस वर्षं कटिंगची मशीन दुरुस्त करतो. प्लाझ्मा, पत्रा कापायची शेअरिंग मशीन, बँडसॉ, चॉपसॉ, आणि सुगी आटोपली की कडबा कुट्टी. कंपनीचा पार्ट घ्यावा की लोकल, हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. त्याला एक उत्तर नाही. तो पार्ट मशीनमध्ये काय काम करतो आणि मोडला तर काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. पण ते पाहण्याआधीच लोक पैसे घालवून बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

'डुप्लिकेट' हा एकच शब्द वापरणे

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. मशीनवाल्या कंपनीच्या डब्यात आला नाही तो सगळा माल डुप्लिकेट, असं आपण म्हणतो. पण दुकानाच्या काउंटरवर चार वेगवेगळ्या जातीचा माल असतो. पहिला, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातला. दुसरा, तो पार्ट मुळात जी कंपनी बनवते तिच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा. बेअरिंग, पट्टे, कॅपॅसिटर, सॉ ब्लेड हे मशीनवाले बहुतेक स्वतः बनवतच नाहीत, बाहेरून घेतात. तिसरा, दुसऱ्याच एखाद्या कारखान्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर बनवलेला. यात चांगलाही असतो, वाईटही. आणि चौथा, मोठ्या कंपनीचं नाव छापून विकलेला खोटा माल.

चौथा कधीच घेऊ नये. तिसरा पारखून घ्यावा. दुसरा डोळे मिटून घ्या, पुष्कळदा तोच पार्ट कमी पैशात मिळतो. पण चौथ्याच्या भीतीने लोक दुसऱ्यालाही नाही म्हणतात आणि डब्याचेच पैसे मोजतात. उलट काही जण तिसऱ्याच्या नावाखाली चौथा घेऊन येतात. दुकानात गेल्यावर "ओरिजिनल आहे का?" असं विचारू नका. "बनवणारा कोण, आणि बिलावर त्याचं नाव लिहून देता का?" असं विचारा. दुकानदार किती वेळ थांबतो त्यावरून पुष्कळ कळतं.

पार्टला दोष, आणि आजार दुसराच

प्लाझ्माच्या बाबतीत हे सर्वांत जास्त होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

प्लाझ्माचा इलेक्ट्रोड तांब्याचा असतो आणि त्याच्या टोकाला हॅफ्नियम नावाच्या धातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो. आर्क त्या ठिपक्यावरून निघतो. दर वेळी आर्क पेटला आणि विझला की हॅफ्नियम थोडं झिजतं आणि तिथे खड्डा पडत जातो. हा खड्डा एक ते दीड मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड संपला, मग तो कोणाचाही असो. त्यानंतरही चालवला तर आर्क तांब्यावर येतो आणि कधीकधी टॉर्चचं डोकंच घेऊन जातो.

हवेत पाणी किंवा तेल असलं तर ही झीज कितीतरी पट वाढते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीच असते. कंप्रेसर ती दाबतो आणि टाकीत पाणी साचतं. मशीनवर फक्त हवा सोडायचं बटण असेल तर आर्क न पेटवता हवा सोडा आणि टॉर्चच्या तोंडासमोर स्वच्छ आरसा धरा. आरसा धुरकटला किंवा त्यावर थेंब आले तर नवी टिप लावून उपयोग नाही. रोज सकाळी ड्रेन खोलणं आणि टाकी ते मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवणं, एवढं आधी करा.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. दाब हवा वाहत असताना मोजायचा. बंद असताना काटा बरोबर दाखवतो, आणि ट्रिगर दाबला की लांब, बारीक नळीमुळे तोच दाब खाली येतो. मग आर्क टिपेलाच खातो.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. मशीनवर ६० टक्के ड्युटी सायकल लिहिलेली असते, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कटिंग. पण हा आकडा ४० अंश तापमान धरून काढलेला असतो. आपल्या टिनाच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी किती असतं ते तुम्हाला माहीतच आहे. अशा वेळी मशीन वारंवार बंद पडलं तर लोक कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलतात, पंखा बदलतात. पंखा धुळीने भरलाय का ते आधी पहा. नसेल तर जाड कटिंग सकाळी उरकून घ्या.

व्होल्टेजचंही तसंच आहे. रात्री शेतीपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज किती उतरतं ते मीटर लावून एकदा पहा, मग पार्टला शिव्या द्या.

अर्धा संच कंपनीचा, अर्धा लोकल

ही चूक समजूतदार माणसंसुद्धा करतात. इलेक्ट्रोड महाग म्हणून तो लोकल, टिप मात्र कंपनीची. किंवा दोन्ही कंपनीचे आणि आतली फिरकी रिंग, म्हणजे स्वर्ल रिंग, कोणतीतरी. ही रिंग हवेला भोवरा देते आणि त्या भोवऱ्यामुळे आर्क बरोबर मधोमध राहतो. रिंगच्या छिद्रांचा कोन थोडा वेगळा असला किंवा तिला चीर गेली की आर्क एका बाजूला झुकतो, टिपेचं भोक लंबगोल होतं आणि प्लेट तिरपी कापली जाते. दिसताना दोष टिपेचा दिसतो.

म्हणून संच एकाच घरचा ठेवा. इलेक्ट्रोड आणि टिप एकत्र बदला. लोकल लावायचं तर पूर्ण लोकल, आणि कोणाचं ते ठरवून घ्या, दर खेपेला वेगळं नको. पी-८० नावाची टॉर्च कितीतरी कंपन्यांच्या मशीनवर येते. तिथे 'ओरिजिनल' शोधत बसण्यात अर्थच नाही, चांगला बनवणारा शोधा. पण ज्या कंपन्या टॉर्च आणि टिपा स्वतःच्या खास मापाने बनवतात, त्यांच्या मशीनला मी कंपनीचाच संच लावतो. तिथे मापात केसभर फरकही चालत नाही.

जिथे तोंडावर उडू शकतं तिथे काटकसर

माझ्या दुकानाच्या टिनात कटिंग डिस्कचा एक तुकडा रुतलेला आहे. नऊ वर्षं झाली, मी तो काढला नाही. हेल्पर पोरगा चार इंची ग्राइंडर चालवत होता. गार्ड काढून त्याला सात इंची डिस्क लावली होती, कारण जॉब खोल होता. मी दुकानात नव्हतो. तुकडा त्याच्या कानाच्या एक वितभर बाजूने गेला.

यामागे साधं गणित आहे. चांगल्या डिस्कवर तिच्या कडेची ८० मीटर प्रति सेकंद ही वेगमर्यादा छापलेली असते. १०० मिलिमीटरची डिस्क ती साधारण १५,२०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) गाठते, १८० मिलिमीटरची साधारण ८,५०० ला. चार इंची ग्राइंडर रिकामा ११,००० च्या आसपास फिरतो. म्हणजे मोठी डिस्क तिच्या मर्यादेच्या कितीतरी वर पळत होती. कोणत्याही कंपनीची असती तरी फुटण्याचा धोका होताच.

डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष असतं, ती तिची मुदत आहे. आपल्याकडे किराणा मालाची तारीख पाहतात, डिस्कची कोणीच पाहत नाही. ओल लागलेली, गाडीत आपटलेली, मुदत संपलेली किंवा ज्यावर आरपीएम छापलेलाच नाही अशी डिस्क फुकट मिळाली तरी नको. डिस्क, गार्ड, फ्लँज (डिस्क आवळून धरणारी चकती), कडबा कुट्टीच्या पात्याचे बोल्ट, इमर्जन्सी स्विच यांच्या किमतीवर मी घासाघीस करत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यालाही करू देत नाही.

कुट्टीचं सांगायचं तर, पातं गावातल्या लोहाराने गाडीच्या कमानीच्या पट्ट्याचं बनवलं तरी मला आक्षेप नाही. चांगला लोहार पाणी नीट देतो आणि पातं छान चालतं. पण दोन्ही पाती एकाच वेळी बदला आणि तराजूवर वजन सारखं करून घ्या, नाहीतर चाक थरथरतं आणि बेअरिंग जातं. आणि बोल्ट हाय टेन्साइलच हवा, डोक्यावर ८.८ कोरलेला. फिरत्या चाकावरचं पातं साध्या बोल्टच्या भरवशावर सोडू नका.

बेअरिंग डब्यावरून घेणे

बेअरिंग नंबरावरून घ्यायचं असतं. ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचं माप ४७, जाडी १४. हे कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं घ्या, माप तेच. पुढची अक्षरंही पहा: '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील, लाकडाचा भुसा किंवा लोखंडाचा चुरा उडतो तिथे हेच हवं. 'सी३' म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक. तापणाऱ्या मोटरीत बहुधा ते असतं. जुन्यावर सी३ असेल तर नव्यावरही असू द्या.

पण खोटा माल बेअरिंगमध्ये खूप फिरतो. अर्ध्या किमतीत मोठ्या कंपनीचा डबा मिळत असेल तर तो त्या कंपनीचा नाही. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या. एसकेएफचं तर मालाचे फोटो काढून खरा-खोटा तपासायचं मोबाइल ॲपही आहे.

पट्ट्यांचं एकच सांगतो: दोन-तीन व्ही-बेल्ट सोबत असतील तर सगळे एकदम बदला. एकटा नवा सगळा भार ओढतो आणि लवकर तुटतो.

नगाची किंमत पाहणे

समजा कंपनीचा इलेक्ट्रोड आणि टिपेचा जोड ६०० रुपयांचा आहे आणि ४०० वेळा आर्क पेटवतो. लोकल जोड १५० चा आहे आणि १२० वेळा पेटवतो. एका वेळेचा खर्च दीड रुपया आणि सव्वा रुपया. म्हणजे काउंटरवर दिसणारा ४५० रुपयांचा फरक खरा पाव रुपयाचा आहे. त्यात लोकलने कापलेल्या कडेला मळी, म्हणजे वितळून चिकटलेला धातू, जास्त राहत असेल आणि पोरगा तासभर ग्राइंडर मारत असेल, तर लोकल महाग पडला. कड स्वच्छ येत असेल तर लोकलच घ्या, बिनधास्त. मी स्वतः ट्रॉलीच्या कामाला एक लोकल जोड वापरतो. हे ठरवायला भिंतीवर खडूने रेघा मारल्या तरी पुरे, पण मारा.

शेअरिंगच्या ब्लेडला मात्र मी असा हिशेब लावत नाही. ब्लेड चांगल्या टूल स्टीलचं आणि नीट हार्डनिंग केलेलं असेल तर लोकलही वर्षानुवर्षं चालतं. बनवणाऱ्याकडून स्टीलचा ग्रेड आणि हार्डनेस बिलावर लिहून घ्या. आणि धार गेली म्हणण्याआधी दोन ब्लेडमधली फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. साध्या पत्र्याला ती जाडीच्या पाच ते दहा टक्के असते, म्हणजे तीन मिलिमीटरला ०.१५ ते ०.३. फट वाढली की नवं ब्लेडही पत्रा दुमडतं.

वॉरंटीत असताना हात घालणे

एका गिऱ्हाइकाच्या मशीनचं कार्ड नवव्या महिन्यात गेलं. कंपनीचा माणूस यायला आठ दिवस लागणार होते, काम अडलं होतं, म्हणून नागपुरातून दुसरं कार्ड टाकून घेतलं. दोन महिन्यांनी ट्रान्सफॉर्मर गेला आणि कंपनीने सील तुटलेलं दाखवून हात वर केले. मला अजून वाईट वाटतं, कारण कार्ड टाकायला मीच सांगितलं होतं. तेव्हापासून वॉरंटी कार्ड वाचल्याशिवाय मी स्क्रू उघडत नाही. वॉरंटीबाहेरच्या मशीनलाही पॉवर कार्ड मी कंपनीचंच सुचवतो; टिपा, नळ्या, कॅपॅसिटरचा आग्रह धरत नाही.

आपली खरी अडचण अंतराची आहे. पुण्याहून पार्ट यायला चार-पाच दिवस जातात आणि पेरणीच्या तोंडावर शेतकरी थांबत नाही. म्हणून लवकर झिजणाऱ्या पार्टचा एक कंपनीचा संच कपाटात ठेवा आणि एक चांगला लोकल संच स्टेपनीसारखा सोबत ठेवा. एप्रिलमध्येच मागवा.

फोनवर मागवताना नुसतं "चाळीस ॲम्पियरची टिप द्या" म्हणू नका. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, टॉर्चवरचा नंबर आणि जुन्या पार्टला व्हर्नियर लावलेला फोटो पाठवा. नवा आला की जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी, आटे आणि भोक जुळवा, मगच लावा. आणि जुना लगेच भंगारात टाकू नका; नवा आठवडाभर नीट चालेपर्यंत तो टूलबॉक्समध्ये असू द्या.