कारळ्याचा अगार ओतण्याआधी

क्रिप्टोकॉकस (माणसाला आजारी पाडणारं एक यीस्ट) ओळखायच्या अगाराचं, म्हणजे ते वाढवायच्या घट्ट जेलीचं, मुख्य सामान वाण्याकडे मिळतं: चटणीचे कारळे, म्हणजेच खुरासणी. या बियांतल्या कॅफेइक आम्लावर या यीस्टचं फिनॉलऑक्सिडेज काम करतं, मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार होतं आणि कॉलनी, म्हणजे वाढलेल्या यीस्टचा पुंजका, तपकिरी पडते. कॅन्डिडा हे दुसरं यीस्ट मात्र पांढरंच राहतं.

एक लिटरसाठी कच्चे, निवडलेले कारळे ५० ग्रॅम लागतील. भाजलेले नकोत, आणि पूडही आयत्या वेळीच करा. ग्लुकोज, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि क्रिएटिनिन प्रत्येकी १ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, क्लोरॅम्फेनिकॉल (जीवाणू रोखणारं अँटिबायोटिक) ५० मिलिग्रॅम. क्रिएटिनिनच्या जागी क्रिएटिनची बाटली हातात येत नाही ना, ते लेबल वाचून बघा. ग्लुकोजचा हात सैल सोडू नका. साखर वाढली की यीस्ट जोमानं वाढतं, पण रंग धरत नाही. बुरशी वाढवायच्या नेहमीच्या सबुरो अगारमध्ये लिटरला ४० ग्रॅम साखर असते आणि कॅफेइक आम्ल नसतं, म्हणून तिथे हीच कॉलनी मलईसारखी दिसते.

फ्लास्क दोन लिटरचा घ्या, कारण कारळ्याचं पाणी फेसाळून उतू जातं. पूड लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा आणि मलमलीच्या चार पदरांतून गाळा. आटलेलं पाणी भरून पुन्हा १००० मिलिलिटर करा. हे राहिलं तर अगारासकट सगळ्याचंच प्रमाण चुकतं. क्लोरॅम्फेनिकॉल थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून घाला. ते उष्णता सोसतं, त्यामुळे ऑटोक्लेव्हआधी (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करण्याआधी) घातलं तरी चालतं. बुरशी रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड मात्र या मीडियात अजिबात नको, त्यानं क्रिप्टोकॉकसच दबतो. कबुतराच्या विष्ठेचा नमुना असेल तर बुरशी आवरायला बायफिनाइल लागेल. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह, मग ५० अंशांच्या आसपास उतरलं की ओतायचं, ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २० मिलिलिटर. गाळूनही बारीक चोथा राहतोच. ओतताना फ्लास्क हलक्या हातानं फिरवत राहा, नाहीतर शेवटच्या प्लेटा काळ्या ठिपक्यांनी भरतात आणि वाचताना तेच ठिपके कॉलनी म्हणून फसवतात. न पेरलेली एक प्लेट शेजारी ठेवली की हा घोळ मिटतो.

रुग्णाचा नमुना लावण्याआधी बॅच तपासा: एका प्लेटवर ओळखीचा क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, दुसरीवर कॅन्डिडा अल्बिकन्स. पहिला तपकिरी झाला नाही तर बॅच फेकून द्या, 'फिका असेल' म्हणून वापरू नका. इनक्युबेटर ३० अंशांवर लावलेला हवा. सवयीनं ३७ वर ठेवलेल्या प्लेटेत वाढ दिसते, पण मेलॅनिन कमी पडतं. तपकिरी छटा कधी तिसऱ्या दिवशी येते, कधी उशिरा. सात दिवसांआधी 'निगेटिव्ह' लिहू नका.

युरियाचा स्लँट (यीस्ट युरिया फोडतं का ते बघायची तिरप्या मीडियाची नळी) आणि इंडिया इंकची बाटली (पेशीभोवतीचं आवरण बघायला) जवळ असू द्या. निओफॉर्मन्स की गॅटी ही क्रिप्टोकॉकसचीच दुसरी जात, हे कारळ्याची प्लेट सांगत नाही. दोघेही तपकिरीच होतात. त्यासाठी कॅनाव्हॅनिन, ग्लायसिन आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचा सीजीबी अगार वेगळा करून ठेवावा लागतो. त्यावर गॅटी वाढतो आणि मीडिया निळा होतो.