वाइनच्या द्राक्षांचा सुगंध पिकला की नाही, हे कसे ओळखावे

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातील साखर मोजण्याच्या उपकरणावर) साखर २३-२४ ब्रिक्स, म्हणजे साधारण २३-२४ टक्के, दिसू लागली की काढणीचा मोह होतो. परंतु साखर आणि सुगंध एकाच वेगाने वाढत नाहीत आणि उष्ण हवेत साखर बरीच पुढे निघून जाते. म्हणून मण्यांत पाणी उतरू लागल्यापासून (म्हणजे ते मऊ पडून रंग बदलू लागल्यापासून) आठवड्यातून एकदा, आणि काढणी जवळ आल्यावर दर दोन-तीन दिवसांनी, मणी चाखून नोंद ठेवावी.

कडेच्या ओळी आणि टोकाच्या वेली सोडून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून व खालून मिळून सुमारे २०० मणी घ्यावेत. (हात नकळत टपोऱ्या, गडद मण्याकडेच जातो, तो आवरावा.) त्यांतले काही मणी चाखावेत: आधी गर गिळावा, बिया तळहातावर काढून त्या तपकिरी झाल्या आहेत का पाहावे, आणि मग साल दहा-पंधरा वेळा सावकाश चावावी, कारण सुगंधी द्रव्यांचा मोठा वाटा सालीत असतो. उरलेले मणी पिशवीत चिरडून, रस गाळून लगेच हुंगावा.

काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाच्या जातीमध्ये ढोबळी मिरचीसारखा वास आला, तर तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या द्रव्यांचा असतो. पाणी उतरण्याच्या सुमारास ती सर्वाधिक असतात आणि पुढे घटत जातात. मात्र लिटरमागे काही नॅनोग्रॅम उरली तरी नाकाला कळतात. घडांभोवतीची पाने विरळ केल्याने ती कमी साठतात, पण हे काम पाणी उतरण्यापूर्वीच करावे. नंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. चिरडलेल्या मण्यांना येणारा कापलेल्या गवताचा वास मात्र वेगळा समजावा, कारण तो चिरडल्यावरच तयार होतो.

मस्कत जातीच्या द्राक्षांमध्ये लिनॅलूल व जिरॅनिऑल या सुगंधी द्रव्यांचा फुलांसारखा वास मण्यातच मिळतो, तरी त्यांचा बराचसा साठा साखरेशी बांधलेला, म्हणून गंधहीन असतो. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या जातीमध्ये तर थायोल ही सुगंधी द्रव्ये यीस्टमुळे आंबवताना सुटतात, त्यामुळे तेथे नाकावर विसंबू नये. आंबटपणा आणि हिरवा वास किती उरला, एवढेच पाहावे.

शिराझ या काळ्या जातीमधील मिरीचा गंध रोटुंडोन या द्रव्याचा असतो, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पिकण्याच्या उत्तरार्धात सालीत साठते आणि थंड हवेत अधिक मिळते. काही माणसांना त्याचा वास मुळीच येत नाही, म्हणून शिराझचे मणी एकट्याने चाखू नयेत.